काठातले तीन पिवळे धागे

जरीपटका, नागपूर
४ ऑगस्ट २०२५

चि. रितिकास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. १९८४ साली मला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, उमरेडला विणकराच्या घरी जाऊन लाल काठाची पांढरी सुती साडी आणली. पदवीदानाला मी ती नेसले. गेल्या वर्षी तू वस्त्रकला शिकायला इंडोनेशियात निघालीस, तेव्हा जपण्याच्या अटीवर ती तुझ्या हवाली केली. परवा तुझ्या आईने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात तू आणि एक अनोळखी मुलगी. दोघींच्या कमरेला माझ्या साडीचा एकेक तुकडा आणि पायांत खेळाचे बूट. चार लाख लोकांनी तो पाहिला आहे.

निष्कर्ष: साडी कापली गेली. शिवाय तिच्या काठात वीतभर जागेत तीन पिवळे धागे आहेत. ते रफू आहे. माझ्या निरक्षर आईला विणकराने रफू केलेली साडी खपवली, हे मी तिला कधी बोलले नाही. चाळीस वर्षे ती जागा निऱ्यांत दडवली. तू ती जगापुढे मांडलीस.

तुझ्या आईचे, मायाचे, म्हणणे, पोरी हौसेनं करून राहिल्या, जाऊ द्या न ताई. मला जाऊ देणे जमत नाही, हे माझ्या भावजयीला एव्हाना कळायला हवे होते. व्हिडिओ काढून टाक आणि साडीचे जे उरले असेल ते परत पाठव.

तुझी आत्या,
प्रेमलता


योग्याकार्ता
१५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

पत्र वाचले आणि आधी व्हिडिओ काढून टाकला. साडी मात्र अखंड आहे. आम्ही दोघी एकाच साडीत होतो! अर्धी सेकारने, म्हणजे व्हिडिओतल्या त्या माझ्या मैत्रिणीने, गुंडाळली, अर्धी मी. मधला भाग पाठीमागून गेलेला. एकीला शिंक आली की दुसरी हलायची. आत्या, तुझ्या साडीला इथे कोणी कात्री लावू धजणार नाही.

इथली माझ्या वयाची मुले-मुली आजीच्या पेटीतली कापडे काढतात आणि न कापता, न शिवता कमरेला गुंडाळून कॉफी प्यायला, वर्गात, बाजारात जातात. याला ‘बरकाइन’ म्हणतात. मुलगेही नेसतात. बूट, जुन्या बाजारातले जाकीट, हातात फोन, आणि खाली शंभर वर्षांची बाटिक. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी रस्त्यातच थांबले होते.

अशी कापडे नेसणाऱ्या सेकारच्या गटाचा एक नियम आहे. कापडाचा फोटो टाकायचा, तर खाली ते बनवणाऱ्या माणसाचे नाव लिहायचे. तिने ते पिवळे धागे पाहिले आणि विचारले, ही विणणाऱ्याची सही आहे का. मला सांगता येईना. आमचा व्हिडिओ नावाशिवाय गेला, त्याची तिला अजून लाज वाटते.

वीस सप्टेंबरला महाविद्यालयात आमचे वर्षाचे सादरीकरण आहे. माझे सगळे काम या साडीवर आहे, पण विणकराच्या नावाशिवाय ती मंचावर जाणार नाही, आणि तुझ्या परवानगीशिवाय मी नेणार नाही. नाही म्हणालीस तर माघार घेईन. तुझ्या प्रबंधाला चारशे बारा तळटीपा आहेत. लहानपणी तूच मला मोजायला लावल्या होत्यास. तुला नाव ठाऊक असेलच.

लोभ कमी करू नकोस.
तुझी,
रितिका


जरीपटका, नागपूर
३० ऑगस्ट २०२५

चि. रितिकास,
सप्रेम जयभीम.

मला नाव ठाऊक नव्हते. हे वाक्य लिहायला मी दोन दिवस घेतले.

तिसऱ्या दिवशी एसटीने उमरेडला गेले. मायाने व्हिडिओ जपून ठेवला होता. तिचा फोन घेऊन विणकरांच्या गल्लीत घरोघर फिरले. पाचव्या घरी जयवंताबाई भेटल्या, वय माझ्याएवढेच. काठ पाहताच म्हणाल्या, हे तं आमच्या बाबाचे धागे होय. त्यांचे वडील साडी मागावरून उतरवून उन्हात धरत आणि बोटाबोटाने तपासत. एकही चूक सापडली नाही, तरच सुईने तीन पिवळे धागे भरत. वर्षातून अशा दोन-तीनच साड्या निघत. माझ्या आईची आठवण त्यांना होती. ती बाई दिवसभर ओट्यावर बसून राहिली होती. लेक डॉक्टर झाली, मले पिवळ्या धाग्याचीच पाहिजे, म्हणत होती.

आईला सारे ठाऊक होते. ती जागा मी लपवत होते, तेव्हा ती माझ्याकडे पाहत असे. मला वाटे, तिला समजत नाही.

जयवंताबाईंनी व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. विचारले, दोघी एका साडीत काहून घुसल्या वो पोरी. बूट पाहून पदराआड हसल्या. सेकारने धाग्यांना सही म्हटल्याचे मी सांगितले, तशा त्यांनी विचारले, धागे ओळखणारी कोणती. मी सेकार दाखवली. त्यांनी पडद्यावर तिच्या गालाला बोट लावले. समुद्रापलीकडच्या एका मुलीने जे एका नजरेत ओळखले, ते माझ्या साऱ्या विद्येला दिसले नाही. मी तिथेच बसून राहिले. शेवटची एसटी जेमतेम मिळाली.

साडी मंचावर ने. दोघी एकाच साडीत उभ्या राहा. बूट चालतील, स्वच्छ असावेत. पिवळे धागे बाहेरच्या बाजूस. नाव: धोंडबा पराते, उमरेड. ही माझी चारशे तेरावी तळटीप समज.

नाव कुठे लिहिले, ते वाचून कोण काय म्हणाले आणि सेकारचा चेहरा कसा झाला, हे सविस्तर कळव. बोललेला संदेश चालणार नाही. जयवंताबाईंना मी ते ओट्यावर बसून वाचून दाखवण्याचे कबूल केले आहे. तेव्हा उत्तर कागदावर, शाईने, लेखीच हवे.

तुझी आत्या,
प्रेमलता