खालच्या बाजूची चीर

बंडाबर्ग, शनिवार, १४ जून

प्रिय बाबा,

इंजिन मी बिघडवलं, हे अजून किती जणांना सांगत फिरणार आहात? फोनवर तेच, सालोटेच्या निरोपातही तेच. फोनवर माझ्याच्यानं नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय. इथल्या शेतावर माझ्याच टोळीत असलेल्या लेवानीचा करार संपला, तो मंगळवारी घरी निघतोय. त्याच्या हाती हे देतो. मी बरा आहे. दिवसभर रताळी काढून कंबर धरते, पण जेवण पोटभर मिळतं. आईच्या पायाची सूज उतरली का? माझी बहीण सालोटे अजून वेण्यांपेक्षा जास्त वेळ गाडीच्या खालीच असते ना?

आता गाडीचं. इसोआ मेकॅनिक म्हणतो, इंजिन संपलं, शुक्रवारी आठशे डॉलर देऊन गाडी घेऊन जातो. बाबा, त्याला ती फुकटात हवी आहे. त्याला विचारा, "माझ्या पोराला समुद्रापलीकडून कळतं ते तुला बॉनेट उघडून कळेना होय रे?" अजिबात देऊ नका. गावात दुसरी गाडी आहे कुठे?

तुम्ही म्हणता, उभी असली की थरथरते, रस्त्याला लागली की नीट पळते. संपलेलं इंजिन असं करत नाही. ते चढावर रडतं. तरी इसोआच्या समोरच खात्री करा. इंजिन गरम होऊ द्या आणि चालूच ठेवा. सालोटेला कोरडे रबरी हातमोजे घालायला लावा, नाहीतर झटका तिला बसेल आणि शिव्या मला. चार सिलिंडरच्या प्लगना चार वायरी आहेत. तिनं एक काढायची, परत लावायची, मग दुसरी. तुम्ही डोळे मिटून बाजूला उभे राहा, चर्चमध्ये तालमीला राहता तसे. चाळीस जणांत कोणाचा सूर उतरला ते तुम्ही पाठ फिरवून सांगता, इथे तर चारच गळे आहेत. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो गळा गात होता. काहीच फरक पडला नाही, तर तो नुसतं तोंड हलवत होता, ओसेया काकासारखा.

चारही गातायत, म्हणजे इंजिन ठणठणीत. पैज लावतो.

मग कार्बुरेटरच्या खाली करंगळीएवढी एक रबरी नळी आहे. तिच्या टोकाशी, खालच्या बाजूला बोट फिरवा. चीर लागेल, तिथून इंजिनात नको ती हवा शिरते. ती दाबून धरा. थरथर थांबेल.

आता तुम्ही म्हणाल, याला तिथे बसून चीर कशी दिसली?

मी इकडे निघायच्या आधीच्या त्या शनिवारी इंजिनचं वरचं हेड परत बसवून झालं, त्याखालचं गॅस्केट नवं, सगळे बोल्ट नीट आवळलेले. त्यात माझी चूक नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. शेवटी ती नळी चढवताना फाटली. जुनं रबर होतं. दुकान बंद झालेलं. रविवारी, देवाच्या दिवशी, पान्याला हात लावला असता तर तुम्ही मला घरात घेतलं नसतं, आणि सोमवारी पहाटे बोट. ती चुकली असती तर टोळीतली माझी जागा इसोआच्या भाच्याला गेली असती. मी चीर खाली वळवली आणि बॉनेट लावलं. "दोन दिवस चालली की सुरळीत होईल," म्हणालो.

सोमवारी तुम्ही मला त्याच गाडीनं धक्क्यावर आणलं. गाडी उभी होती, थरथरत होती. तुम्ही बॉनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जा, बोट सुटेल," एवढंच म्हणालात, आणि माझी पिशवी स्वतः उचलून बोटीत ठेवलीत.

तेव्हापासून मी स्वतःला सांगतोय, बाबांना तेव्हा कळलं नसेल. तुम्हाला! फोन ठेवण्याआधी दर वेळी तुम्ही जरा गप्प राहता ना, ते कशाची वाट बघत, हे मला माहीत होतं.

पाकिटात नवी नळी आहे, हातभर. पुरेल तेवढी कापून दोन्ही टोकांना पट्टी आवळायची. सालोटेला करू द्या. तिचा हात माझ्यापेक्षा शांत आहे.

इंजिन संपलं समजून तीन बुधवार गाडी उभी राहिली, बाजाराच्या बोटीसाठी गावाच्या अळकुड्या धक्क्यावर पोचल्या नाहीत. त्या फेऱ्यांचं भाडं माझ्यावर आहे. नको म्हणू नका, मोजून घ्या. लेवानीजवळ दिलेत, तुमच्या या पोरानं, मेसाकेनं, तीनशे साठ डॉलर.