न धुतलेला टॉवेल

१२ जानेवारी
वही घेऊन दोन महिने झाले. उद्या लिहू, उद्या लिहू – आज लिहितोय. लिहायचं काय? कार्तिकात आई गेली. मी घर सोडलं. शिरवळला कंपनीत, मग लोणंदला कांद्याच्या गाड्या भरल्या. आता साताऱ्यात राजेश्वरी मॅडमच्या प्रयोगशाळेत मदतनीस. "बारावी नापास चालेल, हात स्थिर हवा," म्हणाल्या.

१५ जानेवारी
द्राक्षावर फवारलेलं औषध उरलंय का, ते सांगणाऱ्या पट्ट्या करतो. कार्बनच्या नळ्यांची काळी शाई – नळ्या केसाहून हजारो पट बारीक! – त्यावर एन्झाइमचा थेंब. एन्झाइम जिवंत तर करंट. औषध लागलं की ते मरतं, करंट पडतो.

मॅडम पुण्याच्या. औषध म्हटलं की त्यांना गोळ्या आठवतात. आमच्या पलूसकडं फवारायचं तेही औषध, पिऊन मरायचं तेही औषधच. दवाखान्यात आईच्या रक्तात तेच निघालं. गाव म्हणालं, "रंगूबाई औषध प्याली." आदल्या दिवशी आबांशी, मिलिटरीतून रिटायर झालेल्या माझ्या वडिलांशी, भांडण झालेलं. मी आबांना म्हणालो, तुमीच मारली. आणि निघालो.

१९ जानेवारी
करंट नाही.

२२ जानेवारी
माझ्या सगळ्या पट्ट्या मेलेल्या. मॅडमच्या ठणठणीत!
"पट्ट्यांचे ट्रे धुतोस ना?"
"धुतो की. पुसतो पण."
"कशानं?"
गळ्यातला टॉवेल दाखवला. आईचा. फवारताना तोंडाला बांधायची, शेवटच्या दिवशीही, म्हणून सांगितलं. मी धुतला नाही. तिचा वास जाईल.

मॅडमनी कोपरा पाण्यात पिळला, थेंब चांगल्या पट्टीवर टाकला. करंट सरळ खाली.
"हे ती नाकाला बांधायची?"
रडू येईल वाटलं. आलं नाही. चहा प्यालो. गार होता.
"यावरून सिद्ध काही होत नाही हं," मॅडम हळूच म्हणाल्या.

२३ जानेवारी
बहिणीला, सृष्टीला, फोन केला. टॉवेलचं सांगितलं. म्हटलं, आई प्याली नसंल गं. फवारता फवारता अंगात भिनलं असंल.
ती म्हणाली, "दादा, आबांना सांगू?"
"नको."

२५ जानेवारी
भाऊसो वॉचमन आत आला – "गड्या, गेटवर मिलिटरीवालं म्हातारं उभं हाय. तुझं नाव घेतंय."
आबा! सृष्टीनं सांगितलंच म्हणायचं. काखेत पिशवी. पिशवीत त्यांचा जुना मिलिटरीचा शर्ट. फवारताना आई साडीवरून घालायची तो.
"ह्यो बी धुतला न्हाई म्या," म्हणाले.