जोडपत्र कुठे गेलं

सोमवार, ता. २

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे तू अजून विधानसभेच्या सभागृहात आहेस आणि कामात आहेस, असं धरून चालते. फोन मी करणार नाही. विरोधी बाकावरच्या माणसाच्या फोनला चार कान असतात आणि त्यातले दोन माझ्याच जुन्या खात्यातले असतील.

तू पाठवलेलं पूरक मागण्यांचं निळं पुस्तक पोचलं. वर्षाच्या मध्येच सरकारला जादा खर्च सुचला की सभागृहाची परवानगी मागायला ते असं पुस्तक छापतं, आणि तुम्ही लोक ते टेबल हलू नये म्हणून पायाखाली घालता. मी भिंग घेऊन तीन दिवस वाचलं. चौतीस वर्षं अर्थखात्यात याचीच कच्ची पानं तपासली, सवय जात नाही.

पान एकेचाळीस उघड. इमारतींच्या खात्यात गुंतवणूकदारांच्या परिषदेसाठी काचेचं सभागृह. खर्च अठ्ठेचाळीस कोटी. मागणी किती? एक हजार रुपये! हजारात त्याच्या दाराची कडीसुद्धा येणार नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की उरलेला खर्च 'इतर बाबींतील अपेक्षित बचतीतून' भागवला जाईल.

आता डोकं चालव. बचत झाली म्हणजे काय, मंत्र्यांनी दिवे विझवले? त्याच खात्यात रुग्णालयांची दुरुस्ती येते. आपल्या गावच्या रुग्णालयात ऑपरेशनची खोली छत गळतं म्हणून आठ महिने बंद आहे. बाळंतीण अडली की तिला चाळीस किलोमीटर पुढे धाडतात. दुरुस्ती केली नाही, पैसे उरले, याचं नाव बचत. उद्यापासून मी रक्तदाबाची गोळी बंद करते, तीही बचतच.

पूर्वी अशा मागणीला जोडपत्र असायचं. कुठलं काम थांबवलं, तिथून किती उचलले, ओळीने लिहिलेलं. या निर्लज्जांनी ते गिळलं. तू कपात सूचना दे. मागणीतून शंभर रुपये कमी करा, एवढंच त्यात म्हणायचं असतं, पण मग तुला बोलता येतं आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. चर्चा एकोणीसला आहे, सूचना आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत घेतात. एकच प्रश्न विचार, बचत कुठली? भाषण नको. भाषणात तू हात इतके हलवतेस की चौकातला पोलीस वाटतेस.

केस विंचरून जात जा. लोभ आहेच, तो वाढवणं तुझ्या हातात.

तुझी
आत्या


शुक्रवार, ता. ६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

केस विंचरले. सूचनाही कालच दिली. गटनेत्यांना पान एकेचाळीस दाखवलं तर ते पुस्तकाचा रंग पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे बघत राहिले. मग विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? मी म्हटलं, आमच्याकडे घरचं अर्थखातं आहे. बोलायला आठ मिनिटं मिळाली आहेत. आमच्या गटात नवीन माणसाला तीन मिळतात, तेव्हा तुझी किंमत ओळख.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आज अर्थमंत्री जिन्यात थांबले आणि त्यांनी तुझ्या तब्येतीची चौकशी केली. नाव घेऊन. मी त्यांच्याशी कधी तुझा विषय काढलेला नाही. म्हणाले, काय सुंदर अक्षर होतं बाईंचं, अजून फायलींमध्ये बघायला मिळतं. आणि हसले.

आत्या, जोडपत्र नक्की कधी बंद झालं, आणि कुणी केलं? तारीख कळली तर बोलायला बरं पडेल. लवकर लिही.

तुझ्या शिव्यांची सवय झालेली
खारू


रविवार, ता. ८

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर शाळेतल्या सिस्टरांनी पट्टीने बोटं सडकून घडवलंय. मंत्र्याच्या प्रशस्तिपत्राची त्याला गरज नाही. तो पहिल्यांदा उपमंत्री झाला तेव्हा फाइल उलटी धरून वाचायचा. जिन्यात हसणाऱ्या माणसाला भ्यायचं नसतं, कठड्याला धरून खाली उतरायचं असतं.

जोडपत्राची तारीख मला आठवत नाही. अशा गोष्टी एका दिवसात होत नाहीत, हळूहळू गळतात. तू तारखेच्या मागे लागू नकोस. प्रश्न आजचा आहे.

तुझा बाबा सकाळपासून फिरकला नाही. दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रविवारीही त्याला ताईची आठवण येत नाही. बाकी ठीक. माया पातळ झालेली नाही, गुडघे तेवढे झालेत.

आत्या


बुधवार, ता. ११

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कपात सूचना मी काल मागे घेतली. कारण विचारू नकोस. मी कुणाला विकली गेलेली नाही आणि तुझ्यावर रागावलेलीही नाही. उलटंच आहे.

गोळी बंद करू नकोस.

खारू


शुक्रवार, ता. १३

सन्माननीय सभासद महोदयांस,
स. न.

आपलं चार ओळींचं पत्र मिळालं. काय मिळालं तेवढं कळवावं. एखाद्या समितीचं अध्यक्षपद, की अभ्यासदौरा? आपण पाच वर्षांच्या असताना शेजारच्यांच्या फुटलेल्या काचेबद्दल स्वतः जाऊन सांगून आला होतात. ती मुलगी कुठे हरवली, याचा शोध घ्यायला सभागृहाची समिती नेमता येते का?

काल रुग्णालयातल्या नर्सबाई माझ्या इमारतीच्या जिन्यात भेटल्या. मंगळवारी एका बाईला पुढे धाडलं, वाटेत गाडीतच मोकळी झाली. मी विचारलं, दोघं ठीक? त्या म्हणाल्या, आई आहे. एवढंच म्हणाल्या आणि खाली उतरल्या. मंगळवारी, महोदया. आपण सूचना मागे घेत होतात त्या दिवशी.

उत्तराची तसदी घेऊ नये.

आपली मतदार


सोमवार, ता. १६

ती. ताईस,
सा. न.

समोर बसून सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. चिठ्ठी दाराखालून सरकवतो आणि जातो.

तुझं पत्र वाचून पोरगी काल फोनवर नुसती रडत होती. तुला काही सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. ती मोडतोय.

सात तारखेला, शनिवारी, मंत्र्याने तिला खोलीत बोलावून चहा दिला आणि एक झेरॉक्स पुढे ठेवली. एकोणीस वर्षांपूर्वीची टिप्पणी, ताई. अक्षर तुझं. जोडपत्राची आवश्यकता नाही, 'इतर बाबींतील अपेक्षित बचतीतून' एवढा उल्लेख पुरेसा आहे, असं लिहिलेलं आणि खाली तुझी पूर्ण सही. तो शांतपणे म्हणाला, खुशाल विचारा बचत कुठली, मी हे वाचून दाखवीन आणि तुमचं नातंही सांगीन.

ती दुसऱ्याच दिवशी, रविवारी, इथे आली होती. तुझ्या दारावरून गेली आणि तुला न भेटता परतली. सूचना मागे घे, असं मीच म्हणालो. वडील गेल्यावर तू माझी फी भरलीस, लग्न केलं नाहीस, आणि आयुष्यात एकच गोष्ट जपलीस, तुझं नाव. ते पेपरात चघळलेलं मला बघवणार नाही. रागव, पण माझ्यावर रागव.

तुझा
धाकटा


मंगळवार, ता. १७

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि शुक्रवारच्या पत्रातला शब्द न् शब्द परत.

हे पत्र तुझा बाबा उद्या पहिल्या बसने घेऊन येईल. त्याने सूचना मागे घ्यायला लावली, आता तोच ती पुढे न्यायला येतोय. त्याला काही खायला घाल, पण बारा वाजल्यानंतर.

सही माझीच आहे. त्या वर्षी वादळात मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर उडालं. एकशे दहा मुली व्हरांड्यात झोपत होत्या. जोडपत्रासाठी सात कार्यालयांतून आकडे मागवायचे म्हणजे आठवडा जाणार. मी लिहिलं, जोडपत्राची आवश्यकता नाही, आणि पुढे लिहिलं, 'फक्त या वेळेपुरतं'. सचिव म्हणाले, बाई, मजकूर उत्तम आहे, शेवटचे शब्द तेवढे काढा. मी त्यावर रेघ मारली आणि बाजूला आद्याक्षरं टाकली. अकरा दिवसांत छप्पर झालं. मला केवढा अभिमान वाटला होता!

पुढच्या वर्षी तीच ओळ विश्रामगृहाच्या फरश्यांसाठी आली. ती तपासायला माझ्याच टेबलावर आली, खारू. मी सही केली. त्याच्या पुढच्या वर्षीही. निवृत्तीपर्यंत आठ वर्षं. आता ते छप्पर कुणाला आठवत नाही, ओळ मात्र सगळ्यांना पाठ आहे.

तारीख आठवत नाही, असं तुला लिहिलं ते खोटं होतं. आठवत होती. निळं पुस्तक उघडलं तेव्हाच आठवली होती, म्हणून तर सरकारला जास्त शिव्या दिल्या.

आता नीट ऐक. सूचना बाराच्या आत दे. उभी राहिलीस की मंत्र्याने ती झेरॉक्स बाहेर काढण्याआधी हे पत्र वाच. 'एक माजी अधिकारी' असलं गुळमुळीत काही नको. माझं पूर्ण नाव, हुद्दा, आणि तू माझी भाची आहेस हेसुद्धा. मग विचार, बचत कुठली? त्याच्या हातात तो एकच कागद आहे. तो तू आधी वाचलास की हात रिकामे.

मी प्रेक्षकांच्या सज्जात येणार नाही. तुला मधेच दुरुस्त करीन. माझं नाव जपायचं काम मी तुम्हा दोघांना दिलं नव्हतं. तरी जपलंत, हे विसरणार नाही.

तुझीच, सहीसकट
आत्या


गुरुवार, ता. १९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बस वाटेत पंक्चर झाली. बाबा अकरा चाळीसला फाटकावर पोचले. पासाशिवाय आत सोडेनात, तेव्हा त्यांनी माझं औषध आणलंय असं ठोकून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले आणि लगेच घामाघूम झाले. बाराला सहा मिनिटं असताना सूचना दिली. मग त्यांना जेवायला घातलं.

आज वाचलं. मंत्र्यांसमोर फाइल तयार होती, लाल चिठ्ठी लावलेली. तुझं नाव घेतलं तशी त्यांनी मान वर केली. सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं की आधी स्वतःच्या घराकडे बघा. मी म्हटलं, तेच करतेय, तुम्ही तुमच्याकडे बघा. 'फक्त या वेळेपुरतं' आणि त्यावरची रेघ इथपर्यंत आले, तेव्हा मंत्र्यांनी चिठ्ठी आत सरकवून फाइल मिटली.

मी विचारलं, बचत कुठली? ते म्हणाले, माहिती संकलित करण्याचं काम सुरू आहे. त्यावर अध्यक्षांनी विचारलं की माहितीच नाही, तर बचत होणार हे कळलं कसं? मतदान त्यांनी पुढच्या शुक्रवारवर ढकललंय. जोडपत्र सोमवारी मांडायचंय. आत्या, एकोणीस वर्षांनी!

हात हलवले नाहीत, बाकाची कड घट्ट धरली होती. पण उद्या पेपरात तुझं नाव येईल आणि मी तिथे नसेन. दार लावून घे. बाबा संध्याकाळच्या बसने निघालेत.

तुझी
खारू


बुधवार, ता. २५

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

दार लावलं नाही. पेन्शनर मंडळाने चिटणीसपद काढून घेतलं. कपाटाची किल्ली न्यायला दोघं आले आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता माझ्या खुर्चीला धन्यवाद देऊन गेले. बातमीचं कात्रण कुणीतरी खालच्या फलकावर चिकटवलंय. चिकटवताना वाकडं लावलंय, माणसाला शिस्त नाही. दोन जुन्या सहकाऱ्यांनी बोलणं टाकलं. एकीला तर वीस वर्षं तेच हवं होतं. रविवारी नर्सबाई तीन मजले चढून आल्या, चहा घेतला आणि गेल्या. तुझा बाबा रोज येतो आणि माझी गोळी मोजतो.

जोडपत्राची तू पाठवलेली प्रत काल मिळाली. चौदा कामं आहेत. तिसऱ्या ओळीत आपलं रुग्णालय आहे. ती ओळ वाचून मी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग उचललं आणि बेरीज केली. तीनदा केली. चौदा कामांचे मिळून एकोणचाळीस कोटी होतात. काचेचं सभागृह अठ्ठेचाळीसचं आहे. नऊ कोटी कुठून आले, हे कुणीच लिहिलेलं नाही.

परवा मतदानाआधी उभी राहा आणि विचार. हात हवे तेवढे हलव. या वेळी सही माझी नाही.

लोभ होता त्यापेक्षा वाढलाय, हे फार कुणाला सांगू नकोस.

आत्या