बाईच्या वावराची भूक

मौजे वलगाव,
वैशाख शुद्ध सप्तमी, शके १७८७

गंगाभागीरथी बाईस,

धाकट्या भगवंताचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुझी भावजय जमुना बरी आहे. तांबड्या गाईला कालवड झाली. अकोल्याला यंदा ऊन फार, असं गाडीवान सांगतात. दुपारची बाहेर पडू नकोस. नणंदेकडे दळणाचा फार भार तर नाही ना?

तुझा निरोप पोचला. तू म्हणतेस, घरधनी गेले आणि वावरही रुसलं, माझाच पायगुण. ते वावर आता तूच ठेवून घे, असंही म्हणतेस.

पत्र तुला मोरोपंत गुरुजी वाचून दाखवतील, म्हणून पुढचं लिहायला लाज वाटते. तरी मोरोपंत, एक शब्द गाळू नका.

वावर रुसलं नाही, बाई.

भाऊजी असताना होळीनंतर तुझ्या वावरात मेंढ्या बसत, त्यांच्या लेंड्या मातीत मुरत, शेणखत पडे, कापसात तुरीची तासं असत. ते गेल्यावर वावर मी वाहू लागलो. कापसाला असा भाव आला, की तुरी बंद करून सालोसाल नुसता कापूस पेरला. तुझ्या उकिरड्याचं खत मात्र माझ्या वावरात नेलं. मेंढ्याही माझ्याकडेच बसवल्या. पुढच्या साली तुझ्याकडे टाकू, असं मनात होतं. ते साल आलंच नाही. तुझी झाडं पिवळी पडली, पिकेना, म्हणून तू अकोल्याचा आसरा धरलास. गावातल्या बाया म्हणाल्या, सुभद्रेचा पाय पांढरा. मी ऐकून घेतलं. तोंड उघडलं असतं तर खताचंही सांगावं लागलं असतं.

तुझा निरोप ऐकून जमुना मला ओढतच वावरात घेऊन गेली. दोन्हीकडची कापसाची एकेक पऱ्हाटी खणून काढली. माझ्या पऱ्हाटीच्या मुळांनी खताच्या भुग्यात दाट जाळं विणलं होतं. तुझ्या पऱ्हाटीची मुळं बारीक, लांबच लांब, कोऱ्या मातीत भटकत गेलेली.

"पाहा, खायाले शोधून राहिली होती बिचारी," जमुना म्हणाली. "लोक बाईले नावं ठेवतेत, अन् तुमी काहून गप?"



काल मारुतीच्या पारावर सगळ्यांपुढे सांगून टाकलं. सगळ्यात जास्त बोलणारी पार्बताबाई पदर तोंडाला लावून उठून गेली. नत्थुजी धनगर तेवढा म्हणाला, "मेंढ्या आजच बाईच्या वावरात नेतो."

नेल्या. मृगात तिथे ज्वारी आणि तूर पेरतो. एका सालात पहिल्यासारखं पीक येणार नाही, असं नत्थुजी सांगतो.

वावर मी घेणार नाही. ते तुझं आहे. मी वाहू नये असं वाटत असेल तर दुसऱ्याला दे. बैलजोडी माझी देईन. तुझं घर जमुनेनं सारवून ठेवलं आहे. भाऊबीजेला मी अकोल्याला येतो. ओवाळावंसं वाटलं नाही, तर ओसरीवर पाणी पिऊन परत फिरेन.

तुझा अपराधी,
भगवंत