नऊ नंबरच्या घराचं पाणी

२ ऑगस्ट
आलो एकदाचा! इथे तमिळ मुलखात, ओरगडमच्या आमच्या ट्रक कारखान्यापासून वीस मिनिटांवर स्वतःचं नवं घर. एका ओळीत नऊ घरं, आमचं एक नंबर. बाकी आठांत अजून कुणी राहायला आलेलं नाही, नळसुद्धा बसायचेत. बायकोला, शर्मिष्ठाला, ती शिकवते त्या नाशिकच्या शाळेतून गणपतीची सुट्टी मिळेपर्यंत इथे मी आणि पंखा. आज दूध उतू घालवलं, तिला फोटो पाठवला. तिचं उत्तर : पातेलं लगेच घास, नाहीतर करपट निघणार नाही.

९ ऑगस्ट
बाथरूममधलं पाणी जात नाही. घोट्यापर्यंत साचतं, जाळीतून बुडबुडे येतात. नवंकोरं घर आणि आठवड्यात तुंबावं? बिल्डरच्या ऑफिसने व्यासराज नावाचा प्लंबर पाठवला. पन्नाशीचा, तंजावरकडचा, आणि चक्क मराठी! जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं मराठी. अर्धं मला दोनदा विचारावं लागलं, पण कानांना किती बरं वाटलं. त्याने समजावलं की नऊ घरांची सांडपाण्याची लाइन एकच आहे. नऊ नंबरपासून उतरत येते आणि माझ्या दारासमोरच्या चेंबरमधून सेप्टिक टँकला जाते. त्यामुळे कुठेही तुंबलं तरी त्रास मला. बांबूच्या पट्टीने ढोसून त्याने ओंजळभर पिवळा लगदा काढला. हळद आणि बेसन. घरात लग्न आहे का, असं त्याने विचारलं. मी हसलो. तो थांबावा म्हणून दुसऱ्यांदा कॉफी केली.

१४ ऑगस्ट
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी नळ उघडायच्या आतच जाळी भरून आली. बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उचललं, तर फेसाचं पिवळसर पाणी खळाळत येत होतं. शेजारी आले! मला इतका आनंद झाला की चिवड्याचा डबा घेऊनच निघालो. एकेक झाकण उचलत गेलो. सगळी चेंबरं ओली, थेट नऊ नंबरपर्यंत. नऊ नंबरला कुलूप. खिडकीतून पाहिलं : बाथरूममध्ये नळ नाहीत, पाइपांची तोंडं सिमेंटच्या पिशव्यांनी बांधलेली.
चिवडा परत आणला.

१९ ऑगस्ट
गेले पाच दिवस रोज सहा-दहाला पाणी. ऑफिसवाले म्हणतात, तुमच्याशिवाय कुणाला कनेक्शनच दिलेलं नाही. आज नऊचं चेंबर कोरडं होतं. पाणी आठ नंबरपासून येत होतं. व्यासराजला बोलावलं. त्याने पाण्यात हात घातला आणि झटकन काढला.
‘‘ऊन आहे साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘कोण तरी न्हातंय.’’
हत्यारं गोळा केली आणि पुन्हा बोलावू नका म्हणाला. मी कॉफीचं विचारलं, तोवर तो फाटकाबाहेर.

२२ ऑगस्ट
परवा सात. काल सहा. आज पाच नंबर. रोज एक घर अलीकडे.
आणखी एक लिहून ठेवतो. सहाच्या आधीच मी चेंबरपाशी जाऊन बसतो. भीती वाटते, तरी बसतो. लाइनमधून तांब्याने अंगावर पाणी घेतल्याचा आवाज येतो. दिवसभरात माणूस असल्याचा तेवढाच आवाज.

२३ ऑगस्ट
चार. शर्मिष्ठाला फोन करून येऊ नको म्हणालो. कारण सांगता आलं नाही. ती म्हणाली, इतक्या दिवसांनी येतेय आणि तुला नकोय का? रडत होती बहुतेक. नको कसं म्हणू.
सव्वीसला सकाळी पोचते. सव्वीसला — मोजलं मी.

२४ ऑगस्ट
तीन. चेंबरच्या झाकणावर दगड ठेवले. पाणी थांबलं नाही.

२५ ऑगस्ट
दोन. भिंतीपलीकडे. बांगड्या वाजत होत्या.
शर्मिष्ठा गाडीत बसली. उद्या तिला स्टेशनवरूनच हॉटेलात नेतो. इथे आणायचं नाही.

२६ ऑगस्ट
निघायला चपला घातल्या आणि — सहा-दहा. माझ्याच बाथरूममध्ये. दार आतून बंद. हळदीचा वास.
शर्मिष्ठाला फोन लावला. गाडी रेणिगुंट्याला थांबलीय म्हणाली. मागे चहावाला ओरडत होता. ती बोलत असतानाच बाथरूममधून, तिच्याच आवाजात —
‘‘अनय, टॉवेल दे रे.’’
फोनवरच्या शर्मिष्ठाने विचारलं, कोण आहे तिथे?
मी फोन ठेवला. का ठेवला —
पळायला हवं. दार उघडंच आहे. पण चोवीस दिवसांत या घरात मला नावाने कुणी —
पुन्हा हाक. किती प्रेमाने —
टॉवेल घेतलाय. आतून कडी काढल्याचा आ