नावं गेलेले आवाज

सोमवार, ता. ९

चि. बारक्यास, अक्काचे अ. आ.

हे पत्र दवाखान्यातल्या सिस्टरबाई तुला वाचून दाखवतील; त्यांच्यादेखत मला शिव्या घालू नकोस. फोनवर सांगायची छाती झाली नाही.

डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर दिसो न दिसो, कॉम्प्युटर तुझ्याशी बोलला पाहिजे, म्हणून तुझ्या घरी बसून मूळ सोर्सकोडपासून लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, बांधायला घेतलं. भरगच्च सिस्टीम त्या म्हाताऱ्या मशीनला झेपत नाही. आधी कोडचा चालता प्रोग्राम करणारा कंपायलर, मग कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, वर पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, बस. काल नवी डिस्क फॉरमॅट करायची होती. मशीन पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही डिस्कची नावं अदलाबदल झालेली, मी पाहिलंच नाही. एंटर दाबलं आणि तुझी पक्ष्यांच्या आवाजांची डिस्क कोरी झाली. अकरा वर्षांची रेकॉर्डिंग!

वायर उपटली. तेव्हापासून त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. काय करू, कळव. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझी अक्का

बुधवार, ता. ११

ती. अक्कास, शि. सा. न.

अक्षर सिस्टरबाईंचं, घाबरगुंडी माझी. पण फॉरमॅटने बहुतेक अनुक्रमणिकाच फाटते, पानं राहतात. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नकोस. नवीवर सिस्टीम पुरी कर, मग जुनी नुसती वाच. फायली खरवडून काढणारा प्रोग्राम असतो.

आता माझं ऐक. पट्टी काल काढली. भाऊजींना फोनवर ‘बरं आहे’ म्हणालो ते खोटं. उजव्याने काहीच नाही, डाव्याने खिडकी कुठे आहे एवढंच. यापुढे सुधारणार नाही म्हणतात. सिस्टरबाई गेल्या की उशी घट्ट धरून बसतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माया असू दे.

तुझा बारक्या

सोमवार, ता. १६

चि. बारक्यास, अ. आ.

पत्र वाचून नळ सोडून रडले, मग त्या खोलीत शिरले. दोनदा कर्नलच घाबरून थांबला. खरंच, पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ असंच लिहून येतं! तिसऱ्यांदा सिस्टीम उठली आणि सर्दी झाल्यासारख्या आवाजात बोलली.

जुन्या डिस्कवरून चार हजारांवर फायली निघाल्या. पण एकीलाही नाव नाही, तारीख नाही, नुसते आकडे. मला सगळे पक्षी सारखेच वाटतात. ती नावं तुलाच द्यावी लागतील.

शनिवारी न्यायला येते. तुला जिना कसा उतरवायचा हेही मला ठाऊक नाही, त्याचीच धडकी भरली आहे. दोघं मिळून शिकू.

आजवर एकच आवाज मला ओळखता आला. सतराव्या फायलीत पक्षी उडून जातो आणि तू खोकतोस.

तुझी अक्का