तपासणीची बाटली

३ मार्च
तिसऱ्यांदा मूल पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "आता पुन्हा दिवस राहिले तर मी हिला वाचवू शकणार नाही." आणि ही? सलाईन लावलेल्या हातानं माझी बाही ओढून म्हणते, "पुढच्या वेळी मी पलंगावरून उतरणारच नाही, बघा!"
पुढच्या वेळी!

१९ एप्रिल
नसबंदी करून घेतली. हिला न सांगता. वीस मिनिटांचं काम. माझं एक कपाट पॉलिश व्हायला तीन दिवस लागतात.
घरी सांगितलं, कपाट उचलताना कंबर धरली. बिचारी तासभर कंबर शेकत बसली. जखम मांडीला, मलम शेंडीला! हसू आलं, मग रडू.
नर्सनं बाटली दिलीय. "तीन महिने सांभाळून राहा. मग इथं येऊन यात नमुना द्या. रिपोर्ट चांगला आला तरच निर्धास्त व्हायचं."

२ जून
चार दिवस वर गेले होते. आज पाळी आली. नळ सोडून न्हाणीघरात रडली. "माझ्यातच खोट आहे हो."
मी दाराबाहेर उभा. खरं ओठांवर आलं आणि गिळलं. असला कसला नवरा मी!

२० जुलै
बाटली घेऊन तपासणीला गेलो. बाकावर मेहुणा! "भावोजी, तुम्ही इथं कुठे?" म्हटलं, "साखर बघायला." बाटली खिशात घातली आणि सटकलो.
तीन महिने तर झाले. आता काय उरलं असणार?

२१ जुलै
मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही. आजपासून माझा चहा बिनसाखरेचा.

३० ऑगस्ट
हिनं झबली, टोपरी, सगळं गाठोडं शेजारणीच्या सुनेला देऊन टाकलं. "नकोच आता." रडलीसुद्धा नाही. तिची आशा मी मारली. पण ती जिवंत आहे, समोर बसून भाजी निवडतेय, मला तेवढं पुरे.
रविवारी सगळं सांगणार. मग मारू दे, सोडून जाऊ दे.

१ सप्टेंबर, रविवार
आज चहा गोड होता.
विचारलं, "साखर कशी?" तर ही हसतेय—किती महिन्यांनी! दोन रेघांची पट्टी माझ्या हातात ठेवली. "आज चालतं थोडं गोड. आणि या वेळी मी पलंगावरून उतरणारच नाही, बघा."
बाटली हत्यारांच्या पेटीत आहे. झाकणसुद्धा उघडलेलं नाही.